विश्लेषण : गायिका १९९६ मध्ये गेली, अल्बम २०२३ मध्ये आला… मरणोत्तर गाण्याला ‘हो’ कोण म्हणते?

अमेरिकी गायिका ईव्हा कॅसिडी हिचे २ नोव्हेंबर १९९६ रोजी त्वचेच्या कर्करोगाने निधन झाले. तेव्हा ती ३३ वर्षांची होती आणि मेरीलँड राज्य व शेजारचे वॉशिंग्टन शहर सोडले, तर तिचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. ३ मार्च २०२३ रोजी ‘आय कॅन ओन्ली बी मी’ या नावाने तिचा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यात तिच्या आवाजामागे चक्क लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजतो. या वाद्यवृंदासमोर ती हयातीत कधी उभीही राहिली नव्हती. जुन्या ध्वनिमुद्रणांतून यंत्राच्या मदतीने तिचा आवाज स्वच्छ करून घेण्यात आला आणि त्याभोवती नवे संगीत रचले गेले.

ॲपवर हा अल्बम उघडला की वर्ष दिसते २०२३. गाणी गायली गेली त्याला तेव्हा किमान २६ वर्षे झाली होती.

मरणोत्तर अल्बम ही काही नवी गोष्ट नाही. जॅझमधले सर्वात मोठे नाव असलेली बिली हॉलिडे १७ जुलै १९५९ रोजी गेली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये रे एलिस यांच्या वाद्यवृंदासह तिने गायलेला अल्बम तिच्यामागे बाजारात आला. पण त्या वेळी ती वाद्यवृंदासोबत गायली होती आणि आपण अल्बमसाठी गातो आहोत हे तिला माहीत होते. ईव्हाच्या बाबतीत यातले काहीच नव्हते. म्हणूनच तिची गोष्ट आजच्या काळात नीट समजून घ्यायला हवी. मृत गायकाचा आवाज सोडवून घेणे, सजवणे आणि आता नव्याने ‘तयार’ करणेही यंत्राला जमू लागले आहे.

ईव्हा कॅसिडी कोण होती?

जन्म २ फेब्रुवारी १९६३, वॉशिंग्टन. वडील ह्यू शिक्षक आणि हौशी वादक, आई बार्बरा मूळची जर्मन. वडिलांनी नवव्या वर्षी हातात गिटार दिली. मोठी झाल्यावर ती मेरीलँडमधल्या एका रोपवाटिकेत काम करत होती. चित्रे काढायची, शाळांच्या भिंती रंगवायची आणि संध्याकाळी जमेल तिथे गायची. स्वभाव कमालीचा बुजरा. मंचावर डोळे मिटून गायची, दोन गाण्यांच्या मध्ये फार बोलायचीही नाही.

१९८६ मध्ये एका मित्राच्या बँडसाठी आवाज द्यायला ती ख्रिस बिओन्डो या ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत गेली. पुढची दहा वर्षे बिओन्डो तिची गाणी रेकॉर्ड करत राहिला. त्यानेच तिची गाठ चक ब्राऊन यांच्याशी घालून दिली. वॉशिंग्टनच्या ‘गो-गो’ संगीताचे हे आद्य पुरुष. ब्राऊन आणि ईव्हा यांचा ‘द अदर साइड’ हा ब्लूज आणि जॅझ गाण्यांचा एकत्रित अल्बम १९९२ मध्ये आला.

मोठ्या कंपन्यांचे लक्ष तिच्याकडे गेले, पण करार झाला नाही. कारण साधे होते. ही मुलगी ब्लूज गाते, जॅझ गाते, फोक गाते, चर्चमधले गॉस्पेलही गाते. मग दुकानात तिची सीडी कुठल्या फळीवर ठेवायची? एकच शैली धरून गा, या सल्ल्याला ती बधली नाही. त्या काळच्या कॅसेट-सीडीच्या दुकानात गेलेल्यांना हा पेच कळेल. ॲपवर वाढलेल्या पिढीला तो बहुधा विनोद वाटेल.

तिला नको असलेली रात्र

आता या कहाणीतला सर्वात महत्त्वाचा प्रसंग. जानेवारी १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागातल्या ‘ब्लूज ॲली’ या प्रसिद्ध जॅझ क्लबात ईव्हा आणि तिच्या साथीदारांनी लागोपाठ दोन रात्री कार्यक्रम केले. हेतू एकच, लाइव्ह अल्बम रेकॉर्ड करायचा. पहिल्या रात्रीचे ध्वनिमुद्रण तांत्रिक बिघाडामुळे वाया गेले. उरली ३ जानेवारीची रात्र.

त्या रात्री ईव्हाला सर्दी झाली होती. रेकॉर्डिंग ऐकल्यावर तिला स्वतःचा आवाज अजिबात आवडला नाही. हे बाहेर काढू नका, असाच तिचा सूर होता. साथीदारांनी समजूत घातली तेव्हा ती राजी झाली, पण अटी घालून. पहिली अट अशी की, स्टुडिओत गायलेले ‘ओ, हॅड आय अ गोल्डन थ्रेड’ हे तिचे लाडके गाणे अल्बममध्ये घ्यायचे. दुसरी, लगेच पुढच्या स्टुडिओ अल्बमचे काम सुरू करायचे. दोन्ही मान्य झाल्या. ‘लाइव्ह ॲट ब्लूज ॲली’ त्याच वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झाला. एकटीच्या नावावर तिने हयातीत पाहिलेला हा एकमेव अल्बम.

जुलैमध्ये तिची कंबर दुखू लागली. शिडीवर चढून भिंती रंगवल्यामुळे असेल, असे तिला वाटले. तपासणीत निघाला पसरलेला कर्करोग. तीन वर्षांपूर्वी तिच्या पाठीवरचा एक घातक तीळ काढण्यात आला होता. तोच आजार आता फुफ्फुसांत आणि हाडांत पोहोचला होता. सप्टेंबरमध्ये मित्रांनी तिच्यासाठी कार्यक्रम ठेवला, तिथे ती ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ गायली. ते तिचे शेवटचे जाहीर गाणे.

मरणोत्तर अल्बमवर वाद झाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘कलाकाराला हे आवडले असते का?’ ईव्हाच्या बाबतीत या वाक्याची अडचण होते. जी रात्र तिला आवडली नव्हती, त्याच रात्रीतल्या गाण्यांनी पुढे तिला जगभर पोहोचवले. स्टिंगच्या ‘फील्ड्स ऑफ गोल्ड’चे तिने गायलेले रूप त्या सर्दीच्या रात्रीचेच आहे. म्हणजे केवळ तिच्या पसंतीवर सोडले असते तर ते कपाटातच राहिले असते. मग कलाकाराची पसंती मोलाची नाही, असे म्हणायचे का? तसे नव्हे. जिवंत ईव्हा नाराज होती, पण तिला वाटाघाटी करता आल्या. हे चालेल, पण त्या बदल्यात हे हवे, असे तिला सांगता आले. मृत्यूने हिरावली ती ही सोय. त्यानंतर तिच्या वतीने हो म्हणणारे पुष्कळ निघाले, अट घालणारी मात्र उरली नाही.

मृत्यूनंतरची कीर्ती

ज्याचे काम तिच्या डोळ्यांदेखत सुरू होते तो स्टुडिओ अल्बम, ‘ईव्हा बाय हार्ट’, १९९७ मध्ये आला. १९९८ मध्ये ब्लिक्स स्ट्रीट या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीने आधीच्या तीन अल्बममधली निवडक दहा गाणी एकत्र करून ‘सॉन्गबर्ड’ काढला. सुरुवातीला विशेष काही घडले नाही.

मग ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ २ वर सकाळचा कार्यक्रम करणारे टेरी वोगन यांनी तिचे ‘ओव्हर द रेनबो’ वाजवले. श्रोत्यांनी विचारायला सुरुवात केली, ही कोण? डिसेंबर २००० मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स २’ने त्याच गाण्याचे चित्रीकरण दाखवले. ते ब्लूज ॲलीमध्ये एका मित्राने साध्या हँडीकॅमवर टिपले होते. चित्र धूसर, प्रकाश जेमतेम, आणि मध्यभागी डोळे मिटून गाणारी गिटारवाली मुलगी. आजच्या भाषेत ते ‘व्हायरल’ झाले, फक्त तेव्हा यूट्यूब नव्हते. मार्च २००१ मध्ये ‘सॉन्गबर्ड’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि त्या एकाच देशात त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ मध्ये ‘इमॅजिन’ आणि २००३ मध्ये ‘अमेरिकन ट्यून’ हेही तिथे पहिल्या क्रमांकावर गेले. २००७ मध्ये गायिका केटी मेलुआने ईव्हाच्या ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’मध्ये आपला आवाज मिसळून युगुलगीत केले, रेड क्रॉसच्या मदतीसाठी. तेही पहिल्या क्रमांकावर.

‘सॉन्गबर्ड’मध्ये कपाट खरवडून काढलेले काही नव्हते. ती गाणी आधीच्या अल्बममध्ये होतीच, फक्त ऐकणारे आले नव्हते. प्रश्न सुरू होतात ते त्यानंतर. मागणी आहे, गायिका नाही, आणि स्टुडिओत टेप पडून आहेत. सराव, डेमो, दुसऱ्या कुणासाठी गायलेले तुकडे, क्लबातल्या रात्री. त्यातून एकामागून एक अल्बम येत गेले. या सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. २०११ च्या ‘सिम्पली ईव्हा’त नुसता तिचा आवाज आणि तिची गिटार आहे, जोडलेले काही नाही. २०१५ च्या ‘नाइटबर्ड’ने ब्लूज ॲलीची ती रात्र विस्ताराने समोर ठेवली. आणि २०२३ मध्ये तिच्या आवाजामागे अख्खा वाद्यवृंद उभा राहिला. काढत जाण्यापासून जोडत जाण्यापर्यंतचा हा प्रवास बारा वर्षांत झाला.

गाण्यातून नुसता आवाज वेगळा कसा काढतात?

इथे थोडे अभियांत्रिकी. स्टुडिओत साधारणपणे प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होतो. ते ट्रॅक जपलेले असतील तर काम सोपे. गायिकेचा ट्रॅक उचला, बाकीचे बंद करा. पण जुन्या टेपवर अनेकदा सगळे एकत्र मिसळलेलेच सापडते. क्लबात तर गायिकेच्या माइकमध्ये मागचा ड्रम, शेजारचा पियानो आणि पुढच्या टेबलावरचा ग्लासही शिरतो. अशा मिश्रणातून आवाज काढणे म्हणजे चहात ओतलेले दूध परत भांड्यात घेण्यासारखे. कॉलेजात सिग्नल प्रोसेसिंग शिकताना आम्हाला फिल्टरने अमुक वारंवारिता कापायला शिकवले होते. त्याचा इथे फारसा उपयोग नाही, कारण माणसाचा आवाज आणि पियानो एकाच पट्ट्यात नांदतात. एक कापायला जावे तर दुसराही कापला जातो.

मशीन लर्निंगने हा प्रश्न वेगळ्या बाजूने घेतला. आधी ध्वनीचा एक प्रकारचा नकाशा काढतात. आडवी रेघ वेळेची, उभी रेघ वारंवारितेची आणि जिथे ध्वनी जोरकस तिथे रंग गडद. आवाज आणि वाद्ये आधीच वेगवेगळी उपलब्ध आहेत अशी असंख्य गाणी प्रणालीला दाखवतात. माणसाचा आवाज नकाशात कसा दिसतो हे ती हळूहळू शिकते. सूर कसा चढतो, श्वास कुठे येतो, ‘स’ किंवा ‘श’चा फवारा कसा उमटतो, सगळे. मग नवे मिश्रण दिले की नकाशातल्या प्रत्येक ठिपक्याबाबत ती अंदाज करते की यातला किती भाग गायिकेचा आणि किती वाद्यांचा. तेवढा वेगळा करून पुन्हा ध्वनी तयार होतो.

‘अंदाज’ हा शब्द इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रणाली चुकली की आवाजाच्या कडा पाण्यात बुडल्यासारख्या ऐकू येतात किंवा शब्दाचा शेवट खाल्ला जातो. म्हणून मग ध्वनितंत्रज्ञ तासन् तास बसून हाताने दुरुस्त्या करतो. पीटर जॅक्सन यांच्या ‘द बीटल्स : गेट बॅक’ या २०२१ च्या माहितीपटासाठी अशा तंत्राचा गाजावाजा झाला. नंतर जॉन लेनन यांच्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून सोडवून बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ पूर्ण करण्यात आले. ते २ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाले. योगायोग असा की ईव्हाच्या मृत्यूला त्याच दिवशी २७ वर्षे पूर्ण झाली. तिच्या अल्बमसाठी याच धाटणीचे तंत्र वापरले गेले.

पण तांत्रिक करामतीपेक्षा मला कुतूहल वाटते ते साथीचे. आपल्याकडे मैफलीत हार्मोनियमवाला गायकाच्या तोंडाकडे बघत असतो. गायक एखाद्या स्वरावर रेंगाळला की तो थांबतो, तबलजी हसून मान हलवतो, आणि ते बघून गायक आणखी रेंगाळतो. जॅझ आणि ब्लूजमध्येही हीच देवाणघेवाण असते. गायिका तालाच्या किंचित मागे राहून शब्द टाकते आणि वादक तिला सांभाळून घेतात. ईव्हाच्या त्या अल्बममध्ये गाणे आधीच गाऊन झाले आहे. वादकांचा ताफा तिचे ऐकतो, तिच्या मागून जातो, पण व्हायोलिनचा एखादा तुकडा कितीही हळवा वाजला तरी ती त्याला उत्तर देऊ शकत नाही. संयोजकांचे काम उत्तम आहे यात शंका नाही. तरी चांगला हेडफोन लावून ऐकले की ही एकतर्फी साथ जाणवते. ‘सिम्पली ईव्हा’ ऐकताना ती जाणवत नाही, कारण तिथे आवाज आणि गिटार दोन्ही तिचेच आहेत.

मग हे बनावट म्हणायचे का?

नाही. २०२३ च्या अल्बममधला आवाज ईव्हाचाच आहे. तिने न गायलेला एकही शब्द तिच्या तोंडी घातलेला नाही. नवी पार्श्वभूमी दिली म्हणून तो खोटा ठरत नाही. तसे पाहिले तर जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या रिमिक्सनी मूळ गायकांवर याहून कितीतरी जास्त अन्याय केला आहे.

आमच्या मते रेषा आखायची तर ती दोन ठिकाणी. पहिली, जे जोडले ते ठळक सांगितले आहे का? ईव्हाच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर वाद्यवृंदाचे नाव आहे, त्यामुळे श्रोत्याची फसवणूक होत नाही. दुसरी रेषा अधिक पक्की हवी. गायकाने प्रत्यक्ष जे गायले ते आणि यंत्राने त्याच्या आवाजात ‘गायले’ ते, यांत गल्लत होता कामा नये. तंत्र वरवर एकच वाटते, दोन्हीला बातम्यांत सरसकट ‘एआय’ म्हणतात, पण एकात माणसाचा श्वास शोधून काढलेला असतो आणि दुसऱ्यात त्या श्वासाची नक्कल असते. बातमीदार म्हणून आम्हीही हा फरक न करता मथळे देतो, हे कबूल करायला हवे.

या बाबतीत अर्धशतकापूर्वीचे एक उदाहरण आजही आदर्श वाटते. ब्लूजचा अंगार घेऊन रॉक गाणारी जॅनिस जॉप्लिन ४ ऑक्टोबर १९७० रोजी गेली तेव्हा ‘पर्ल’ हा अल्बम अर्धवट होता. एका गाण्याचे वादन तयार होते, पण तिचा आवाज भरायचा राहिला होता. जानेवारी १९७१ मध्ये अल्बम आला तेव्हा ‘बरीड अलाइव्ह इन द ब्लूज’ हे गाणे तसेच, नुसते वादन म्हणून ठेवण्यात आले. दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेतले नाही. ऐकणाऱ्याला आपोआप कळते की इथे ती यायची होती.

एमी वाइनहाऊसच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या. जॅझवर पोसलेली ही ब्रिटिश गायिका २३ जुलै २०११ रोजी गेली आणि डिसेंबरमध्येच डेमो व शिल्लक गाण्यांचा ‘लायनेस : हिडन ट्रेझर्स’ बाजारात आला. पुढे २०१५ मध्ये युनिव्हर्सल म्युझिकच्या ब्रिटनमधल्या प्रमुखांनी सांगितले की तिचे उरलेले डेमो आपण नष्ट केले, म्हणजे आपल्यानंतरही कुणाला त्यातून काही बनवता येऊ नये. संगीतप्रेमींना हे वाचून कळवळायला होते. मलाही टेप नष्ट करणे पटत नाही. अभिलेखागारात कुलूप लावूनही ते साधले असते. पण मृत गायिकेच्या वतीने ‘नाही’ म्हणणारा एखादा माणूस कंपनीच्या सर्वात वरच्या खुर्चीत बसलेला असावा, हे दुर्मीळच.

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो आणि तो सहसा निर्मात्याकडे, म्हणजे कंपनीकडे असतो. गायकाला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत, त्यांची मुदत ५० वर्षे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात नैतिक हक्कांची भर पडली. आपल्या गायनाला आपले नाव मिळावे आणि प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड कुणी करू नये, हे ते हक्क.

आवाजाची नक्कल हा यापलीकडचा विषय. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या याचिकेवर अंतरिम संरक्षण देताना परवानगीशिवाय एआयने आवाजाची प्रतिकृती करणे हे व्यक्तिमत्त्व हक्कांचे उल्लंघन मानले. पण हे दोघे न्यायालयात गेले ते स्वतः. जे जाऊ शकत नाहीत त्यांचे काय? २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या वडिलांच्या याचिकेवर स्पष्ट केले होते की खासगीपणाचा आणि प्रसिद्धीवरचा असा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारसांकडे जात नाही. म्हणजे गायकाचे घर, दागिने, रॉयल्टी वारसाला मिळते; आवाजाच्या नकलेवर आक्षेप घेताना मात्र त्याचे पाय लटपटतात. अमेरिकेत टेनेसी राज्याने २०२४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीचे नाव असलेला कायदा करून आवाजालाही संरक्षण दिले. आपल्याकडे संसदेने अजून या प्रश्नाला हात घातलेला नाही, आणि तो घालायला हवा.

कायदा नसताना सौजन्य तरी आहे का? २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमीळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी दिवंगत गायक बंबा बाक्या आणि शाहुल हमीद यांचे आवाज एआयच्या मदतीने वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला, असे त्यांनी स्वतःहून जाहीर केले. पद्धत म्हणून हे योग्य. तरीही शाहुल हमीद १९९७ मध्येच गेले, आणि ते गाणे त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. ‘लाइव्ह ॲट ब्लूज ॲली’च्या वेळी ईव्हाने घातली तशी एखादी अट त्यांनी घातली असती का, हे कुटुंबीय सांगू शकत नाहीत.

पैसा कुणाकडे जातो?

थोडक्यात, दोन खिशांत. एक गीतकार-संगीतकाराचा, दुसरा ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा. ईव्हाने बहुतेक इतरांचीच गाणी गायली, त्यामुळे तिचे ‘फील्ड्स ऑफ गोल्ड’ वाजले की गाण्याचा कर्ता म्हणून वाटा स्टिंगला जातो. ध्वनिमुद्रणाचा वाटा कंपनीला, आणि करार असेल त्याप्रमाणे त्यातून वारसांना. म्हणजे टेपवरचे आणखी एक गाणे बाहेर काढण्यात कुणाचा तरी फायदा कायम असतो. ते आत ठेवण्यात कुणाचाच नसतो. मरणोत्तर अल्बमची संख्या का वाढत जाते, याचे उत्तर बऱ्याचदा इतकेच असते.

ऐकायचे असेल तर

ॲपवर गाण्याच्या नावापुढच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवले की अनेकदा श्रेयनामावली उघडते. निर्माता कोण, वादक कोण, हे तिथे दिसते. मूळ ध्वनिमुद्रणाची तारीख मात्र क्वचितच. कंपन्यांनी ती देणे बंधनकारक व्हावे. औषधाच्या पाकिटावर उत्पादनाची तारीख छापता येते, तर गाण्याला काय हरकत आहे?

ईव्हा कॅसिडी आजवर ऐकली नसेल तर सुरुवात वाद्यवृंदापासून करू नका. आधी ‘लाइव्ह ॲट ब्लूज ॲली’ लावा. सर्दी झाली होती हे माहीत असूनही शोधून सापडत नाही. अल्बमच्या शेवटी टाळ्या थांबतात आणि अचानक स्टुडिओतले एक गाणे सुरू होते. बाकीच्या गाण्यांशी त्याचा मेळ बसत नाही. ती तिची अट होती.